दुतोंड्या मारुती आणि पंचविसातला एक

मंडळी, आजचा विषय संभाव्यतेचा. व्याख्यानमालेत गणित म्हटलं की मागच्या दोन रांगा हळूच रिकाम्या होतात, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून फळा आणलेला नाही. उदाहरणही असं घेतलंय, की ते नाशिककराला नव्याने सांगायची गरज नाही: गोदेचा पूर.

रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात सगळ्या गावाचा प्रश्न एकच असतो, "पाणी कुठवर आलं?" आणि त्याचं उत्तर फुटांत किंवा मीटरांत कोणी देत नाही. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, डोक्यावरून गेलं. नारोशंकराच्या देवळाची घंटा आणि सरकारवाड्याच्या पायऱ्या या त्याच मोजपट्टीच्या पुढच्या खुणा. पूररेषा हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून गाव हे माप वापरत आलं आहे.

आता या मापातच संभाव्यतेचा पहिला धडा दडलेला आहे. पाणी छातीला लागलं याचा अर्थ ते कमरेला लागलेलंच आहे. तेव्हा "कमरेला किंवा छातीला पाणी लागण्याची शक्यता किती?" असं कोणी विचारलं, तर दोन आकड्यांची बेरीज करायची नाही. उत्तर कमरेचंच. एक घटना दुसरीच्या पोटात आहे. बेरीज सरळ चालते ती दोन घटना एकाच वेळी घडू शकत नसतील तेव्हाच. फासा टाकला आणि दोन आला किंवा पाच आला, तिथे बेरीज करा, खुशाल.

बहुतेकदा आपलं व्यवहारातलं प्रकरण या दोन्हींच्या मधलं असतं. सराफ बाजाराचं घ्या. दुकानात पाणी शिरतं ते नदी फुगली म्हणून, किंवा सरस्वती नाला तुंबला म्हणून. समजा, एखाद्या वर्षी नदीमुळे शिरण्याची शक्यता शंभरात ४, नाल्यामुळे शंभरात १०. दुकानदार म्हणेल, चौदा झाले. पण नदी चढली की नाल्याला उतार मिळत नाही, म्हणजे दोन्ही संकटं बरेचदा हातात हात घालूनच येतात. दोन्ही एकदम येण्याची शक्यता शंभरात ३ धरली, तर ती दोनदा मोजली गेली, एकदा वजा करायची. राहिले अकरा. हे आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतलेत, महापालिकेचे नव्हेत.

आता इतिहासाकडे येऊ. लोकांच्या बोलण्यात राहिलेले मोठे पूर कोणते? सप्टेंबर १९६९. मग सप्टेंबर २००८. मग ऑगस्ट २०१६, आणि लगेच ऑगस्ट २०१९. गंगापूर धरण १९६५ च्या सुमारास पूर्ण झालं होतं, आणि आता नदी माणसाळली असं अनेकांना वाटलं होतं. चारच वर्षांत १९६९ आलं. धरण मुख्यतः पाणी साठवायला बांधलं होतं, पूर थोपवायला नव्हे. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं की ते बाहेरच येणार.

महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये नदीकाठासाठी दोन रेषांचा नियम केला. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नाशिकमध्ये २००८ च्या पुरानंतर हे शब्द घरोघरी पोचले, कारण रेषा नकाशावर असली तरी ती कोणाच्या तरी वाड्यातून जाते. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटी. वडिलोपार्जित वाडा पडायला आला आहे, आणि तो नव्याने बांधता येईल की नाही हे एका अपूर्णांकावर ठरतं.

तो अपूर्णांक म्हणजे पंचविसातला एक. आणि इथेच घोटाळा होतो. "२००८ ला येऊन गेला ना, आता २०३३ पर्यंत निवांत." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मग २०१६ उजाडलं. त्यात पूर मोजणाऱ्यांच्या भाषेचाही दोष आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणू. "पंचवीस वर्षांतून एकदा" या शब्दांत वेळापत्रक ऐकू येतं, एस. टी.च्या फलाटावर लावलेलं असतं तसं. परतीचा काळ ही कल्पना पुरांच्या अभ्यासात पक्की रुजवली एमिल गुंबेल या जर्मन गणितज्ञाने, १९४१ च्या सुमारास. त्याच्या लेखी ती सरासरी होती. खरा अर्थ एवढाच: दर वर्षी, नव्याने, पंचविसात एक. मागच्या वर्षी काय झालं हे नदीच्या लक्षात राहत नाही.

बरं, मग पंचवीस वर्षांत एकदा तरी पूर येण्याची शक्यता किती? सहज तोंडात येतं, एक भागिले पंचवीस, गुणिले पंचवीस, म्हणजे शंभर टक्के. ही चूक फार जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे. फ्रान्समधला एक जुगारी सरदार, शेवालिये द मेरे. एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा येईल, अशी पैज फायद्याची आहे हे त्याला माहीत होतं. त्यावरून त्याने ताडलं, की दोन फासे चोवीस वेळा टाकले तर एकदा तरी दोन्ही सहा येण्याची पैजही फायद्याचीच असणार, कारण साहास चार तसे छत्तिसास चोवीस. ती तोट्यात गेली. पास्कलने २९ जुलै १६५४ च्या पत्रात हा किस्सा फर्माला कळवला आहे, आणि त्या दोघांच्या पत्रव्यवहारातून हे शास्त्र उभं राहिलं.

युक्ती उलट्या बाजूने मोजण्याची. "एकदा तरी" म्हटलं की आधी "एकदाही नाही" काढायचं. फासा चार वेळा टाकून एकदाही सहा न येण्याची शक्यता पाच षष्ठांश चार वेळा गुणून मिळते, सुमारे ४८ टक्के. म्हणजे येण्याची ५२. दोन फाशांच्या बाबतीत हेच केलं तर येण्याची ४९. फरक एवढासाच, पण सरदाराची थैली रिकामी करायला पुरे.

आता फाशाच्या जागी गोदावरी ठेवा. वर्ष कोरडं जाण्याची शक्यता पंचविसात चोवीस. पंचवीस वर्षं ओळीने कोरडी जाण्याची ३६ टक्के. म्हणजे एकदा तरी पूर येण्याची ६४, शंभर नव्हे. पण दोन किंवा अधिक वेळा येण्याचीही २६ टक्के आहे, आणि हे कोणी सांगत नाही. दुकानासाठी वीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर फेडून होईपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेचा पूर सत्तर वर्षं जगणाऱ्या माणसाने पाहण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. छापा-काटाच म्हणा ना.

जाता जाता, मोजण्याची ही परंपरा आपल्याकडे नव्हती असं नाही. आपल्या शेजारी, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरण आहे, त्यात अंकांच्या किती मांडण्या होतात ते मोजलेलं आहे. फक्त त्या मोजणीचा अनुकूल आणि एकूण असा भागाकार तिथे केलेला नाही. पुरावर आकडेशास्त्र चालवणारा पहिला मोठा भारतीय म्हणजे महालनोबिस. १९२६ मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचा तळ वर आलाय, बांध उंच करा, असं अभियंत्यांचं मत पडलं. महालनोबिसांनी जुन्या नोंदी काढून दाखवलं, की तळ वर आलेलाच नाही.

आता गुणाकाराबद्दल एक इशारा. वर्षावर्षांचा गुणाकार आम्ही केला, कारण एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरलं. तसं सगळीकडे धरता येत नाही. समजा, एखाद्या आठवड्यात त्र्यंबकच्या डोंगरात अतिवृष्टी होण्याची शक्यता दहात एक, आणि धरण काठोकाठ असण्याची पाचात एक. गुणाकार पन्नासात एक, झोप शांत. पण डोंगरात कोसळणारा पाऊसच धरण भरतो. अतिवृष्टी झालीच आहे असं धरून धरण भरलेलं असण्याची शक्यता विचारली तर ती पाचात तीन निघेल. मग उत्तर पन्नासात तीन. धोका तिप्पट, आणि आकडेमोड करणाऱ्याने बेरीज-गुणाकारात कुठेही चूक केलेली नाही.

शेवटची गोष्ट रेषेबद्दलच. पंचविसातला एक हा आकडा जुन्या नोंदींवरून निघतो. त्यानंतर शहरात काँक्रीट वाढलं, नाले बुजले, जमिनीत मुरणारं पाणी आता थेट नदीकडे धावतं. म्हणजे आपण ज्या फाशाचे आकडे जमवले, तो फासाच कोणीतरी घासतंय. समजा, त्यामुळे पंचविसात एकचा पंधरात एक झाला, तर वीस वर्षांच्या कर्जवाल्या दुकानदाराचे ५६ टक्के ७५ होतात. नकाशावरची रेषा मात्र होती तिथेच. ती किती वर्षांनी पुन्हा काढायची, हा प्रश्न गणिताचा कमी आणि सभागृहातल्या ठरावाचा जास्त आहे. आमच्या मते दर मोठ्या पुरानंतर तरी काढावी, आणि कुठल्या वर्षांच्या नोंदी धरल्या हे नकाशाच्या कोपऱ्यात छापावं. आता कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ.