फक्त पहिल्या पाच क्लिप : एका गेमची गोष्ट आणि आपल्या ठाण्यातले कॅमेरे

गेम म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यासमोर येतात. एक पबजी, दुसरं म्हणजे 'पोरं बिघडली' असं म्हणणारे पालक. आज ज्या गेमबद्दल लिहितोय त्यात बंदूक नाही, धावाधाव नाही, गुण नाहीत. आहे काय? एक जुनाट कॉम्प्युटर, त्यावर एक शोधायचा चौकोन, आणि त्या चौकोनात आधीच टाइप करून ठेवलेला एक शब्द : मर्डर.

बटण दाबलं की पोलीस चौकशीच्या काही क्लिप येतात. समोर एक बाई बसली आहे. ती उत्तरं देते. प्रश्न मात्र कुठेच ऐकू येत नाहीत. तिच्या उत्तरात एखादं नाव येतं, एखादी जागा येते. तो शब्द आपण चौकोनात टाकायचा, की आणखी क्लिप येतात. गेम एवढाच.

नाव 'हर स्टोरी'. जून २०१५ मध्ये आला. कर्ता सॅम बार्लो, ब्रिटिश माणूस. आधी तो मोठ्या बॅनरच्या 'सायलेंट हिल' मालिकेतल्या दोन गेमवर काम करत होता. ते सोडून स्वतंत्र झाला आणि पहिलाच गेम काढला तो हा. कथा १९९४ सालची, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथची. सायमन नावाचा माणूस बेपत्ता होतो, त्याच्या बायकोला पोलीस सात वेळा बोलावतात. त्या सात चौकशांचे तुकडे करून २७१ क्लिप केल्या आहेत. काही क्लिप तर दोन-चार सेकंदांच्या. ती बाई साकारली विवा सायफर्टने. ही मूळची संगीतकार, आणि त्याही आधी १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनकडून रिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळलेली. गेमला २०१६ साली तीन बाफ्टा मिळाले. शेवट सांगत नाही, निर्धास्त वाचा.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात इतिहास कुठे आला आणि सार्वजनिक प्रश्न कुठे आला? सांगतो. थोडं मागे जाऊ.

प्रेक्षकाच्या हातात गोष्ट द्यायची हा खटाटोप जुना आहे. १९३६ साली लंडनमध्ये डेनिस व्हीटली ह्या लेखकाने 'मर्डर ऑफ मायामी' नावाचं पुस्तक काढलं. पुस्तक कसलं, पोलिसांची फाइलच! जबान्या, तारा, फोटो, आणि पाकिटात घातलेला खराखुरा पुरावा. काडी, केस असलं काय काय. उत्तर शेवटी सीलबंद. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचणाऱ्यांना ही ओढ समजेल, फरक इतकाच की इथे डिटेक्टिव्ह वाचक स्वतः.

मग १९६७. मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात 'किनोऑटोमॅट' लागला. रादुझ चिंचेरा ह्या दिग्दर्शकाचा खटाटोप. सिनेमा मधेच थांबायचा, माणूस स्टेजवर यायचा, पुढे काय व्हावं ते प्रेक्षकांनी खुर्चीला लावलेली बटणं दाबून ठरवायचं. बहुमत जिंकलं की तो भाग सुरू. लोक खूश. पण गंमत अशी की कौल कुठलाही द्या, गोष्ट फिरून त्याच जागी यायची आणि शेवट एकच. मतदान खरं, निवड खोटी. कम्युनिस्ट राजवटीखालच्या देशातून हा विनोद आला होता हे लक्षात घ्या. पुढे मायदेशात त्यावर बंदी आली.

तिसरा टप्पा अमेरिकेचा. १९९२ साली 'नाइट ट्रॅप' नावाचा गेम आला. खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेला. एका घरात मुली मुक्कामाला आल्यात, घरात छुपे कॅमेरे आहेत, आणि आपण एकेक कॅमेरा बदलत त्यांना हल्लेखोरांपासून वाचवायचं. १९९३ च्या डिसेंबरात थेट अमेरिकन सिनेटमध्ये ह्यावर सुनावणी झाली. जो लीबरमन आणि हर्ब कोल हे सिनेटर पुढे होते. गेममधला एक तुकडा दाखवला गेला आणि गदारोळ झाला. गेम मुलींवर हल्ला करायचा नसून त्यांना वाचवायचा आहे, हे त्या तुकड्यात कसं कळणार? दुकानांनी गेम काढून टाकला. ह्याच वादातून १९९४ साली गेमना वयोगटाचं लेबल देणारी व्यवस्था तिथे उभी राहिली. व्यवस्था चांगलीच झाली, पण ती झाली एका तुटक क्लिपच्या जोरावर, हेही खरं.

म्हणजे बघा, शितावरून भाताची परीक्षा करायची सवय आपली एकट्याची नाही.

आता 'हर स्टोरी'कडे परत. त्याची सगळी जादू एका छोट्या अडचणीत आहे. एखादा शब्द टाकला आणि तो पन्नास क्लिपमध्ये सापडला, तरी कॉम्प्युटर दाखवतो पहिल्या पाचच. आणि पहिल्या म्हणजे तारखेने पहिल्या. त्यामुळे होतं काय, नवऱ्याचं नाव टाकलं की कायम सुरुवातीच्या चौकशीतलीच उत्तरं दिसतात, जेव्हा ती बाई सावरून, तोलून बोलत होती. नंतर ती काय बोलली ते गाडलेलंच राहतं. तिथवर पोहोचायचं तर असा शब्द हवा जो फक्त तेव्हाच उच्चारला गेला. आणि तो शब्द सुचायला आधी नीट ऐकायला लागतं. बार्लोने म्हणे सगळी जबानी एका अवाढव्य स्प्रेडशीटमध्ये टाकून कुठला शब्द कुठे किती वेळा येतो ते तपासलं होतं. त्याशिवाय हे जमलंच नसतं.

ह्याचा अर्थ फार साधा आहे आणि फार मोठा आहे. सगळं फुटेज तुमच्यासमोर आहे. कोणी काही लपवलेलं नाही. तरीही तुम्हाला काय दिसेल हे ठरतं तुम्ही काय विचारलं ह्यावर, आणि यंत्राने किती दाखवायचं ठरवलं ह्यावर. ज्याने 'खुनी', 'चाकू', 'रक्त' असे शब्द टाकले त्याला एक बाई दिसते. ज्याने 'आई', 'आरसा' असले शब्द टाकले त्याला दुसरी. आपल्या मनात जो संशय, तोच आपला सर्च.

मला इथे तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवतं. तेही रंगमंचावर आलं १९६७ सालीच. खेळ म्हणून सुरू झालेला खटला, पिंजऱ्यात एक बाई, आणि भोवती प्रश्न विचारण्यात रमलेली सभ्य माणसं. नाटकात आपण बेणारेबाईंच्या बाजूला तरी बसतो. ह्या गेममध्ये खुर्ची बदलते. चौकशी करणारा, तिच्या आयुष्यात खुपसून बघणारा तो आपणच. स्क्रीनच्या काचेत मधूनच एका चेहऱ्याचं प्रतिबिंब चमकतं, आणि प्रश्न पडतो की बघणारं आहे तरी कोण?

बार्लोने कथेला १९९४ साल दिलं. त्या काळच्या ब्रिटनमध्ये पोलीस चौकशी हा विषय जखमेसारखा होता. १९७४ च्या बाँबस्फोटांच्या प्रकरणांत बहुतांश आयरिश असलेल्या माणसांना १९७५ साली जन्मठेपा झाल्या. गिल्डफर्डचे चौघे, बर्मिंगहॅमचे सहा. मुख्य पुरावा काय, तर कोठडीतले कबुलीजबाब. गिल्डफर्डच्या चौघांची १९८९ साली सुटका झाली, कारण पोलिसांच्या कागदांत टाइप केलेल्या नोंदींचा एक मसुदा सापडला. त्यावर हाताने खाडाखोड आणि भर घातलेली. आणि कोर्टात 'चौकशी चालू असतानाच लिहिलेल्या' म्हणून ज्या हस्तलिखित नोंदी दिल्या होत्या, त्या ह्या दुरुस्त केलेल्या मसुद्याशी जुळत होत्या! म्हणजे जबाब आधी शिजवला, मग हाताने उतरवला. पंधरा वर्षं माणसं तुरुंगात. बर्मिंगहॅमचे सहा १९९१ साली सुटले.

मधल्या काळात, १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याने तिथे चौकशीची टेप करायला सुरुवात झाली होती. लिहिणाऱ्याच्या हातावर विश्वास नको, आवाजच ठेवा, असा विचार. चांगलाच होता. पण टेप आली म्हणून सत्य आपोआप आलं नाही. टेप कोण ऐकणार, कुठला तुकडा कोर्टात वाजणार, कुठला कपाटात राहणार, हे प्रश्न तसेच उरले. 'हर स्टोरी' नेमका ह्या कपाटापाशी उभा आहे.

बार्लो पुढेही ह्याच वाटेने गेला. २०१९ च्या 'टेलिंग लाइज'मध्ये फुटेज आहे ते सरकारी हेरयंत्रणेने लोकांच्या व्हिडिओ कॉलमधून जमवलेलं. एका वेळी एकाच बाजूचा माणूस दिसतो, पलीकडचा काय बोलला ते वेगळं शोधायचं. त्यातलं एक पात्र पर्यावरणवाद्यांच्या गटात घुसवलेला सरकारी माणूस आहे. २०२२ च्या 'इमॉर्टॅलिटी'मध्ये तर शब्दही नाहीत, चित्रातल्या वस्तूवर क्लिक करून एका फुटेजमधून दुसऱ्यात जायचं.

आता घरी येतो.

भारतात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आलं. इंग्रजांनाच आपल्या पोलिसांवर विश्वास नव्हता, असं म्हणा हवं तर. पण कोठडीत मारहाण, कोठडीत मृत्यू ह्या बातम्या काही थांबल्या नाहीत. म्हणून २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला : देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही. दारात, कोठडीत, व्हरांड्यात, फौजदाराच्या खोलीत, सगळीकडे. अंधारात दिसेल असे आणि आवाजासह. रेकॉर्डिंग १८ महिने जपायचं, तशी यंत्रणा बाजारात मिळतच नसेल तरी किमान एक वर्ष. देखरेखीला राज्याची समिती, जिल्ह्याची समिती. आणि ठाण्याच्या दारात स्थानिक भाषेत पाटी, की इथे कॅमेरे आहेत आणि तुमच्या हक्कांचं उल्लंघन झालं तर फुटेज जपून ठेवायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलं.

कागदावर सगळं उत्तम. ह्याला विरोध करायचं कारणच नाही. पण आकडेमोड करून बघा. एका ठाण्यात दहा कॅमेरे धरले तर दिवसाला २४० तास फुटेज. वर्षाला ८७,००० तासांच्या वर. एका माणसाने रोज आठ तास बसून बघायचं ठरवलं तर तीस वर्षं लागतील. एका ठाण्याच्या एका वर्षाला! तेव्हा बघणार कोणीच नाही. फुटेज उघडलं जाणार ते कोणीतरी विचारल्यावरच. आणि विचारताना तारीख, वेळ, कुठला कॅमेरा हे सांगावं लागणार. ज्याला रात्री उचलून नेलं, ज्याचं घड्याळ काढून घेतलं, तो कुठली वेळ सांगणार? त्याची आई कुठल्या कॅमेऱ्याचा नंबर सांगणार? ठाणेदाराकडे मात्र सगळं आहे : नकाशा, वेळ, पासवर्ड. वरून 'नेमका त्या दिवशी कॅमेरा बंद होता' हे उत्तर तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे.

गेममध्ये निदान २७१ क्लिप जागेवर असतात आणि शोधायचा चौकोन आपल्या हातात असतो. इथे चौकोन ज्याची चौकशी व्हायची त्याच्याच टेबलावर आहे. अडचण तिथे आहे.

म्हणून 'कॅमेरे बसवले' ह्या बातमीवर टाळ्या वाजवून थांबू नका. पुढचे प्रश्न विचारा. रेकॉर्डिंग ठाण्याच्या बाहेर, दुसऱ्या कोणाच्या ताब्यात राहतं का? कॅमेरा बंद पडला तर त्याची नोंद कुठे होते, कोण वाचतं? कोठडीत आणलेल्या माणसाची वेळ लिहिलेली नोंद आणि फुटेज एकमेकांना जोडलेलं आहे का? नातेवाइकाने साध्या कागदावर अर्ज दिला तर फुटेज पुसलं जाणं थांबतं का, की माहिती अधिकाराचे तीस दिवस मोजत बसायचं आणि तेवढ्यात ते उडून जायचं? जिल्हा समितीची शेवटची बैठक कधी झाली?

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो. आता त्यात भर घालायला हवी, की जेवढं दाखवलं तेवढंच दिसतं.

सुरुवात सोपी आहे. पुढच्या वेळी पासपोर्टच्या पडताळणीला, हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारीला ठाण्यात जाल तेव्हा दाराशी दोन मिनिटं थांबा. ती मराठीतली पाटी आहे का बघा. नसेल तर हवालदारसाहेबांना नम्रपणे विचारा, 'साहेब, पाटी कुठाय?'