भाड्याने देण्याची सदनिका (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाडे मिळावे म्हणून, बहुधा बँकेचे कर्ज काढून घेतलेले दुसरे घर. ठाणे-कल्याण पट्ट्यात असे घर घेणारा सहसा धंदेवाईक घरमालक नसतो. तो पगारदार असतो; पहिल्या घराचे कर्ज फिटत आले की डोंबिवलीत, कल्याणच्या खडकपाड्यात नाहीतर घोडबंदर रस्त्यावर वन बीएचके बघू लागतो. स्टेशन चालत गाठता आले तर भाडे चढते, रिक्षा लागली की उतरते.

‘भाड्यातून हप्ता सुटतो’ हे सॅम्पल फ्लॅट दाखवताना सांगितले जाणारे वाक्य इथे क्वचितच खरे ठरते. समजा, सदनिका ५० लाखांची आहे. कर्ज ३० ते ७५ लाखांचे असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळते. म्हणजे १० लाख, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खिशातून. उरलेल्या ४० लाखांचा साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३४,७०० रुपयांच्या घरात जातो. भाडे १५,००० आले, तरी जवळपास वीस हजार दरमहा पगारातून घालावे लागतात. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामे राहिले की पूर्ण हप्ता अंगावर. व्यवहार तगतो तो पुढे किंमत वाढेल या भरवशावर. प्राप्तिकरात मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. मात्र त्यातून दिसणारा तोटा पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा करता येतो, तोही जुनी करप्रणाली निवडली तर.

भाडेकरू घर बळकावील ही भीती जुन्या कायद्याची देणगी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, त्यातून पागडी (घर देताना एकरकमी घेतली जाणारी रक्कम) फोफावली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर (भाडेपट्टा न करता नुसत्या परवानगीने) राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले, आणि घर कुलूप लावून ठेवलेले बरे असे अनेक मालकांना वाटू लागले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने चित्र पालटले. मुदत संपूनही लायसन्सधारक हलला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि ताबा मिळेपर्यंत लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसे केले नाही, तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही. शिवाय दंडाची किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. करार ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो. खर्चही मोठा नाही : दरमहा १५,००० भाडे आणि ५०,००० डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याने (डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के व्याज धरून) मुद्रांक शुल्क सव्वाचारशेच्या आसपास होते, शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी काही मालक अजूनही नोटरीवर भागवतात. आधारच्या साहाय्याने ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्यावी लागते.

खरी रोजची कटकट सोसायटीची. घर भाड्याने दिल्यास सोसायटी भोगवटेतर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) घेऊ शकते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर रोखले. सेवाशुल्क २,५०० असेल तर २५० रुपये, त्याहून अधिक नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीला आगाऊ कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. तरीही एनओसीसाठी अडवणूक होते, ‘बॅचलर नकोत’ असे तोंडी फर्मान निघते, आणि दलालाला एका महिन्याचे भाडे मोजून आणलेला भाडेकरू निघून जातो. गळती, गिझर, नळ ही कामे कोणाची, हे करारात स्पष्ट लिहिलेले बरे. अनिवासी मालक तर बहुधा कुलमुखत्यारपत्राने इथला कोणी नेमतात.

स्वस्त सदनिका घेताना मात्र भाड्याआधी कागद तपासावेत. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले. त्यांत कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबेही होती. बँकेने कर्ज मंजूर केले किंवा महारेराचा क्रमांक मिळाला म्हणजे इमारत अधिकृत, असे नव्हे. बांधकाम परवानगी महापालिकेतच पडताळावी आणि भोगवटा दाखला पाहावा.