वीज गेली की पाणी का जातं?

आजचा विषय आपल्या सुपेलाचाच आहे. वीज गेली की दिवा जाणार, हे समजतं. पण पाणी का जातं?

थोडं मागे जाऊ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कंदील आणि विहिरीवर चालणाऱ्या या गावांच्या पट्ट्यात एवढी वीज आली, ती लोखंडासाठी. घरांचा नंबर नंतरचा.

आता झोतभट्टीचं बघा. तिच्या भिंती सतत पाण्याने थंड ठेवाव्या लागतात. पंप थांबले तर भट्टीलाच धोका. म्हणून कारखाना एकाच तारेवर विसंबून राहिला नाही. बाहेरून वीज घेतली, आणि भट्टीतून निघणारा वायू इंधन म्हणून वापरून स्वतःचीही केली. पुढे एनटीपीसी आणि सेल यांच्या भागीदारीत इथे २५० मेगावॉटचे २ संच उभे राहिले. रुळांपलीकडच्या सेक्टरांना कारखाना स्वतः वीज वाटतो. रुळांच्या अलीकडे, आपल्या सुपेलात, ती सरकारी वीज कंपनीकडून येते.

घरात मात्र आपण उलटं केलं. दिवा गेला तर मेणबत्ती आहे, पंखा थांबला तर हातपंखा आहे. पण बोअरमधलं पाणी दोराने ओढता येत नाही. मी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो, तेव्हा ते बोट दाखवतात: इथे विहीर होती, तिथे होती. पंप आला, विहीर बुजली. चक्की आली, जातं गेलं. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. विजेची सवय लागली यात वावगं काही नाही; बायकांची डोक्यावरची घागर उतरली, ती याच विजेमुळे. पण परतीची वाट आपण मोडून टाकली.

ती मोडली की काय होतं, ते देशाने २०१२ मध्ये पाहिलं. ३० जुलैला उत्तरेचं वीजजाळं कोसळलं. ३१ जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली. ज्या भागात ६० कोटींहून जास्त लोक राहतात, तो अंधारात गेला. रेल्वे थांबल्या, पश्चिम बंगालात खाणकामगार जमिनीखाली अडकले. छत्तीसगड आणि महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळ्यात आहेत. ते जाळं त्या दिवशी तगलं, म्हणून आपण वाचलो. पण १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि ऐन कोरोनात रुग्णालयांना जनरेटरवर यावं लागलं.

तेव्हा मंडळी, एक काम करा. आपल्या गल्लीतली हापशी चालू आहे का, बघा. बंद असेल तर नगरसेवकाच्या मागे लागा. चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी आजी असेल, तर तिच्याकडे २ बादल्या भरलेल्या असू द्या. वीज नसेल तेव्हा पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न भट्टीसाठी विचारला गेला. तो आपल्या स्वयंपाकघरासाठीही विचारला पाहिजे.