शेवळं : दुष्काळाच्या यादीबाहेरची भाजी

रानभाज्यांचा लिखित इतिहास शोधायला गेलो की आधी दुष्काळच हाती लागतो. १८७६-७८च्या दुष्काळानंतर, १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरील पंचविसावा खंड निघाला. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ जी. ए. गॅमी यांचे टिपण १९०२चे. विषय टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पती. या नोंदी मोलाच्या आहेत. पण त्या मथळ्याखाली गेलेली भाजी नाइलाजाचे अन्न ठरते, आणि हे मला पटत नाही. शेवळांचेच पाहा.

सुरणाच्या कुळातली ही वनस्पती. एंग्लरने १८७९ साली तिला अमॉर्फोफॅलस कम्युटेटस हे आजचे नाव दिले. सह्याद्रीच्या उतारांवर पहिल्या सरी पडल्या की पानाआधी जमिनीतून तिचा कोंब वर येतो. तो उमलण्यापूर्वीच खुडायचा. उमलल्यावर त्याला कुजक्या मांसासारखी दुर्गंधी येते. ठाणे-रायगडच्या बाजारात ठाकूर, कातकरी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि शेजारी काकडांची हिरवी, आंबट फळे असतात.

ही जोडी महत्त्वाची. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घसा खवखवतो. म्हणून आतला पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून नीट शिजवायचे, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. काकडं नसतील तर चिंच. दोन वेगळ्या झाडांची अशी सांगड एका उपाशी दुपारी सुचत नाही; तिच्यामागे पिढ्यांचे चाखणे, खाजणे आणि पुन्हा करून पाहणे आहे. सीकेपी घरांत तर याच शेवळांत सोडे किंवा खिमा पडतो, आणि जूनमध्ये जुडीसाठी चढा भाव मोजला जातो. दुष्काळाशी त्याचा काय संबंध?

भूक या गोष्टीत नव्हतीच, असे मात्र नाही. पावसाच्या तोंडी कणगी तळाला गेलेली असते. डोंगरातल्या घराला शेवळं तेव्हा आधार देत. पण आधाराची भाजी चवीचीही असू शकते, हे यादी करणाऱ्याच्या रकान्यात बसत नाही. आजचेही रकाने फार वेगळे नाहीत. रानभाजी महोत्सव बहुधा ऑगस्टमध्ये भरतात. तोवर शेवळांचा हंगाम संपून रानात त्यांची नुसती पाने उरलेली असतात.