कांद्याचं उळं आणि मधमाश्या: नगरच्या शेतात नेमकं काय घडतं?

कांदा पोसायला मधमाशी लागत नाही. पण कांद्याचं बी, म्हणजे नगर भागात ज्याला उळं म्हणतात ते, मधमाशीशिवाय नीट भरत नाही. पुढच्या हंगामाचं रोप या उळ्यापासूनच तयार होतं. म्हणूनच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या कांद्याच्या जिल्ह्यात मधमाश्यांची तब्येत हा थेट शेतकऱ्याच्या खिशाचा विषय आहे.

कांद्याच्या फुलाला माशी का लागते?

बियाण्यासाठी निवडलेले कांदे हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना उंच दांडे येतात आणि टोकाला पांढरे गोंडे फुलतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात.

प्रत्येक फुलातले सहा पुंकेसर आधी पराग सोडतात. स्त्रीकेसर तयार होतो त्यानंतर. त्यामुळे फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. तो दुसऱ्या फुलावर न्यावा लागतो. वाऱ्याने हे काम फारसं होत नाही, ते कीटकच करतात.

त्यात आणखी एक अडचण आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे तो माश्यांना फार आवडत नाही. जवळ दुसरं फुललेलं पीक असेल तर माश्या तिकडे वळतात.

कोणत्या माश्या हे काम करतात?

राज्यात प्रामुख्याने आग्या, फुलोरी, सातेरी आणि परदेशातून आणलेली मेलिफेरा या मधमाश्या आढळतात. पेटीत पाळता येतात त्या सातेरी आणि मेलिफेरा. आग्या मोठ्या झाडांवर किंवा कड्याकपारीत पोळं करते, तर फुलोरी बांधावरच्या झुडपात. म्हणजे बांध साफ करून पेटवला, तर फुलोरीचं घरही जातं.

मग अडचण कुठे आहे?

कांद्यावर फुलकिडे येतात आणि त्यांच्यासाठी फवारणी होते. पण कीटकनाशकाला फुलकिडा आणि मधमाशी यांत फरक कळत नाही. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल यांसारखी औषधं मधमाश्यांसाठी अतिशय विषारी आहेत.

माशी जागेवर मेली नाही तरी नुकसान होतं. 2012 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर छोट्या चिप लावल्या. थायमेथोक्झामचा अगदी थोडा, लगेच न मारणारा अंश पोटात गेलेल्या अनेक माश्या पोळ्यात परतल्याच नाहीत. 2018 मध्ये युरोपीय संघाने थायमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड आणि क्लोथियानिडिन यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली.

शेतीच्या कीटकशास्त्रज्ञांचं खरं कोडं हेच आहे: एक कीटक आटोक्यात ठेवायचा आणि त्याच शेतातला दुसरा वाचवायचा. जिल्ह्यात राहुरीला 1968 पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. 'फुले समर्थ' ही कांद्याची जात तिथलीच. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था काम करते.

शेतकरी काय करू शकतात?

• फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे फुलण्याआधीच करावा.
• फुलोऱ्यात फवारणी टाळावी. टाळता येणारच नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा करावी आणि शेजारच्या पेटीवाल्याला आधी कळवावं.
• पेट्या आणायच्या तर थोडी फुलं उमलल्यावर आणाव्यात. फार आधी आणल्या तर माश्यांना दुसऱ्या पिकाची सवय लागते.
• बांधावरची झाडं-झुडपं राखावीत. कांदा फुलोऱ्यात नसतो तेव्हा माश्या त्यांवरच जगतात.

परागीभवन नीट झालं का, हे काढणीआधीही तपासता येतं. कांद्याच्या एका बोंडात जास्तीत जास्त सहा बिया धरतात. वेगवेगळ्या गोंड्यांमधली बोंडं फोडून पाहा. बहुतेकांत एक-दोनच दाणे असतील, तर उन्हाचा ताण किंवा पाण्याची कमतरता ही कारणं तपासाच, पण फुलोऱ्यात शेतात माश्या किती दिसत होत्या हेही आठवून पाहा.