सुरतेची अक्षरे : खिळ्यांपासून क्लाउडपर्यंत

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे आठवतात. त्याच काळातील सुरतेची आणखी एक हकीकत मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे. भीमजी पारेख या तेथील व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे छापखान्याची मागणी केली. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस आला; पण देशी लिपीचे खिळे ओतणे त्याला साधले नाही. भीमजींनी आपल्याच माणसांकडून ‘बनिया’ अक्षरे करवून घेतली, तरी तो उपक्रम टिकला नाही. यंत्र आले म्हणजे अक्षर आले असे होत नाही, हा धडा तेव्हाचा आहे. कार्यालयांतील दस्तऐवज टेबलावरच्या संगणकातून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील दूरच्या साठ्यात, जात असताना तोच धडा पुन्हा गिरवावा लागत आहे.

सुरतेशी मराठीचे नाते केवळ मोहिमांचे नाही. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेत शिक्षक झाले आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींसमवेत त्यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापिली. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य विभागले गेले आणि सुरतेतील मराठी भाषक परराज्यात गेला. तथापि यंत्रमागांवर काम करण्यास खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी लिंबायत, उधना या भागांत मराठी जागती ठेवली. महानगरपालिका आजही तेथे मराठी माध्यमाच्या शाळा चालवते.

अशा शाळांची, मंडळांची, पतसंस्थांची कागदपत्रे संगणकावर आली ती कशी? १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाण ठरला, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. पण बाजारात राज्य केले ते खासगी फॉन्टांनी. त्यांत संगणक साठवीत असे रोमन अक्षरे. देवनागरी हा केवळ वर चढवलेला मुखवटा. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की ठरावाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. टेबलावरच्या संगणकात ही उणीव झाकून राहिली, कारण फाइल आणि फॉन्ट एकाच घरात नांदत होते.

२००६ मध्ये गूगल डॉक्स आले, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ३६५ आले आणि हा मुखवटा गळून पडला. गूगल डॉक्समध्ये वापरणाऱ्याला आपला खासगी फॉन्ट बसवता येत नाही. तेथे युनिकोडच चालते. युनिकोडमध्ये देवनागरी आणि गुजराती यांना स्वतंत्र स्थाने आहेत. त्यामुळे सुरतेतील शाळेची द्विभाषी सूचना एकाच दस्तऐवजात लिहिता येते आणि बेळगावात किंवा धुळ्यात ती जशीच्या तशी वाचता येते. ‘दऱ्या’तला अर्धा र त्यात सांभाळला जातो, ‘ॲ’ या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. राज्यांच्या सीमा या अक्षरांना अडवीत नाहीत.

परंतु जुन्या फायली आपोआप पलीकडे जात नाहीत. त्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात आणि जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागतात. हे न करता जुना संगणक भंगारात गेला, तर छापील प्रत नसलेले दशकांचे इतिवृत्तही त्याच्याबरोबर जाते. सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी शाळा होती, सभा मराठीत भरत होती, हे उद्या कोणी विचारले तर साक्ष कागदच देणार.

म्हणून सीमेपलीकडील आपल्या संस्थांना आमचे सांगणे आहे. जुना संगणक काढण्यापूर्वी परिवर्तन करून घ्या. दस्तऐवजाची भाषा ‘मराठी’ अशीच निवडा. देवनागरी दिसते म्हणून हिंदीवर भागवू नका. खाते एका चिटणिसाच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर ठेवा आणि एक प्रत आपल्या हाती, कंपनीच्या साठ्याबाहेर, जपा. भीमजींना अक्षरे नव्याने घडवावी लागली होती. आपल्याला ती घडवून मिळाली आहेत. आता ती राखण्याचे काम तेवढे उरले आहे.