प्रवाह-स्रोत इन्व्हर्टर

एकदिश विद्युत् प्रवाहाचे हव्या त्या कंप्रतेच्या त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करून तो मोटरला पुरविणारी इलेक्ट्रॉनीय प्रयुक्ती. 1957 मध्ये थायरिस्टर विकसित झाल्यानंतर (पहा : थायरिस्टर) ती व्यवहार्य ठरली. पारंपरिक मंडलात सहा थायरिस्टर, सहा डायोड व सहा धारित्रे असतात.

एकदिश मंडलातील मोठे प्रवर्तक वेटोळे प्रवाह जवळजवळ स्थिर राखते. मात्र त्यामुळे प्रवाह बदलण्यास वेळ लागतो व टॉर्कचा प्रतिसाद मंदावतो. प्रवर्तन मोटरच्या (पहा : विद्युत् मोटर) प्रत्येक कलेत अर्ध्या आवर्तनात 120° प्रवाह वाहतो. परिणामी टॉर्कमध्ये पुरवठा-कंप्रतेच्या सहापट कंप्रतेची स्पंदने उमटतात. कमी वेगाला ती विशेष जाणवतात. प्रवाह एका कलेतून दुसरीत जाताना मोटरच्या क्षरण प्रवर्तकत्वामुळे विद्युत् दाबाची शिखरे निर्माण होतात. ठराविक प्रवाहावर चुंबकीय संपृक्ती टाळल्यास कार्यबिंदू टॉर्क-स्लिप वक्राच्या अस्थिर भागात येतो. म्हणून स्लिप व प्रवाह यांचे फीडबॅक नियंत्रण आवश्यक असते.

नियंत्रित एकदिशकारक (पहा : एकदिशकारक) जोडल्यास गतिरोधनाच्या वेळी एकदिश दाबाची ध्रुवता उलटते, प्रवाहाची दिशा तीच राहते आणि ऊर्जा पुरवठ्यात परतते. मंडलसंक्षेपातही प्रवाह एकदम वाढत नाही. मोठे पंप व पंखे चालविण्यासाठी ही प्रयुक्ती वापरतात.